‘रेक्विझिट’ म्हणजे नेमके काय पाहिजे?

वाचकांचे प्रश्न : भाषा आणि व्यवहार

रावेरहून आलेल्या एका पत्राची गेल्या अंकात आम्ही नुसती पोच दिली होती. तेवढ्यावरून त्याच इंग्रजी शब्दाविषयी आणि त्याच्या गणगोताविषयी खानदेशातून आणखी पत्रे आली. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून एवढ्या एका घराण्याचाच विचार करीत आहोत. पत्रलेखकांची नावे सदराच्या रिवाजाप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी केळी उत्पादक आहे. ठिबक संचासाठी कर्ज मागितले तेव्हा बँकेचे इंग्रजी पत्र आले. त्याच्या शेवटी ‘सब्जेक्ट टू सबमिशन ऑफ रिक्विझिट डॉक्युमेंट्स’ असे होते. मुलाने मोबाइलवर अर्थ पाहिला, तो ‘आवश्यक’ असा निघाला. मी सातबारा आणि आठ-अ घेऊन गेलो, तर आणखी तीन कागद मागितले. ‘रिक्वायर्ड’ आणि ‘रिक्विझिट’ यांत काही फरक आहे का? की त्या शब्दातच कागदांची संख्या दडलेली असते? (रावेर तालुक्यातील एक वाचक)

उत्तर : शब्दात संख्या दडलेली नसते, मात्र संख्या दडवायची असेल, तर हा शब्द फार सोयीचा पडतो. आपली अडचण तिथेच झाली आहे, परंतु तिच्याकडे येण्यापूर्वी शब्दाची घडण पाहणे उपयोगाचे ठरेल.

लॅटिनमध्ये ‘क्वेरेरे’ या क्रियापदाचा अर्थ शोधणे किंवा विचारणे असा आहे. त्याला ‘रे’ हा उपसर्ग लागून ‘रेक्वीरेरे’ झाले, म्हणजे शोध घेणे, मागणे. त्यातूनच इंग्रजीतील ‘रिक्वायर’ आणि ‘रेक्विझिट’ हे दोन्ही शब्द आले. पहिला क्रियापद म्हणून रुळला आणि दुसरा, मुळात ‘मागितलेले’ अशा अर्थाचे धातुसाधित असल्यामुळे, विशेषण आणि नाम म्हणून. ‘क्वेश्चन’, ‘क्वेरी’, ‘इन्क्वायरी’, ‘क्वेस्ट’ हे सगळे त्याच घरातले आहेत. तेव्हा रेक्विझिट वस्तू म्हणजे मुळात कोणीतरी जिचा शोध घेत आहे, जिची मागणी करीत आहे, अशी वस्तू.

मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही, कारण आपला ‘पाहिजे’ याच वाटेने आलेला आहे. जुन्या मराठीत ‘कीजे’, ‘दीजे’, ‘म्हणिजे’ अशी कर्मणी रूपे होती. ‘म्हणिजे’चे आज ‘म्हणजे’ झाले आणि ‘पाहणे’ या क्रियापदाचे तसेच रूप ‘पाहिजे’ म्हणून टिकले. जे पाहिले जाते, ज्याची वाट पाहिली जाते, ते ‘पाहिजे’. अहिराणीत आपण ‘तुले काय जोयजे?’ असे विचारतो, त्या ‘जोयजे’चेही तसेच आहे. गुजरातीत ‘जोवुं’ म्हणजे पाहणे, आणि त्यावरून झालेला ‘जोईए’ म्हणजे हवे. रोमन माणसाने शोधण्यावरून जो शब्द घडवला, तो तापीकाठच्या माणसाने पाहण्यावरून घडवला, एवढाच फरक.

आता ‘आवश्यक’ हा शब्द पाहा. त्याच्या मुळाशी ‘अवश्य’ आहे, म्हणजे जे कोणाला वश होत नाही, टाळता येत नाही ते. इंग्रजीत त्याचा खरा जोडीदार ‘नेसेसरी’ हा आहे. तोही लॅटिनमधल्या ‘न हटणारे, माघार न घेणारे’ अशा अर्थाच्या घडणीतून आला, असे व्युत्पत्तिकार सांगतात. केळीला पाणी नेसेसरी आहे. ते कोणी मागितले म्हणून लागत नाही, पाण्यावाचून केळ जगतच नाही. सातबारा मात्र रेक्विझिट आहे. केळीच्या झाडाला सातबाऱ्याशी काही कर्तव्य नसते. तो बँकेला पाहिजे असतो, कर्जाच्या कामासाठी पाहिजे असतो, आणि उद्या बँकेने नियम बदलला तर कदाचित पाहिजे नसेलही. म्हणून मोबाइलने दिलेला ‘आवश्यक’ हा अर्थ चुकीचा म्हणता येणार नाही, पण त्यात अर्धी गोष्ट गळून पडते. रेक्विझिट हा शब्द भेटला की दोन प्रश्न विचारावेत : कोणाला पाहिजे, आणि कशासाठी पाहिजे?

आपल्या पत्रातील बँकेने या दोन्ही प्रश्नांची उत्तरे दिली आहेत, पण तिसऱ्याचे, म्हणजे ‘काय पाहिजे’ याचे, दिलेले नाही. भारतीय कार्यालयांच्या इंग्रजीत हे नेहमी घडते. ‘रेक्विझिट डॉक्युमेंट्स’ असे लिहिले की लिहिणाऱ्याची जबाबदारी संपते आणि वाचणाऱ्याची सुरू होते. ज्याच्याजवळ नियमाचे पुस्तक आहे त्याच्यासाठी ते दोन शब्द पुरेसे असतात. ज्याच्याजवळ ते नाही, त्याला एसटीच्या चार फेऱ्या पडतात. प्रस्तुत लेखकालाही एका कार्यालयातून ‘रेक्विझिट प्रूफ’ मागणारे पत्र आले होते. तिसऱ्या फेरीला कळले, की त्यांना फक्त विजेचे बिल पाहिजे होते, आणि ते पहिल्या फेरीला पिशवीत होते.

‘रिक्वायर्ड’ आणि ‘रेक्विझिट’ यांचा कोशातला अर्थ बहुतांशी एकच आहे. ‘रिक्वायर्ड’ हा रोजच्या वापरातला शब्द आहे. ‘रेक्विझिट’ला कागदोपत्री भाषेचा वास आहे, आणि आधीच ठरलेल्या एखाद्या मापाशी तो बांधलेला असतो. ‘रेक्विझिट फी’ म्हणजे नियमाने ठरवून दिलेले शुल्क, कमीही नाही आणि जास्तही नाही. महाराष्ट्रात माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये लागतात, ते त्या अर्जाचे रेक्विझिट शुल्क. ‘रेक्विझिट नंबर’ म्हणजे गणपूर्तीसाठी किंवा ठरावासाठी जेवढे सभासद लागतात तेवढे. ‘रेक्विझिट मेजॉरिटी’चेही तसेच, सरपंचावरील अविश्वास ठराव रेक्विझिट बहुमताअभावी फेटाळला, असे वाचले तर साधे बहुमत होते की नव्हते हे त्यावरून कळत नाही, कायद्याने मागितलेले बहुमत नव्हते एवढेच कळते. म्हणून मराठीत या विशेषणाला प्रसंगाप्रमाणे ‘विहित’, ‘ठरलेले’, ‘लागणारे’ यांपैकी शब्द घ्यावा. ‘विहित शुल्क’ आणि ‘विहित नमुना’ हे तर आपल्या तलाठी कार्यालयापर्यंत पोचलेलेच शब्द आहेत.

पुढच्या वेळी असे पत्र आले, तर त्याच पत्राच्या उत्तरात एका ओळीत लिहावे : ‘आपल्या पत्रातील रेक्विझिट कागदपत्रांची यादी कृपया लेखी द्यावी.’ एकदा यादी कागदावर आली, की तिच्यात चौथा कागद घुसवणे कोणालाही जड जाते.

प्रश्न : आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातील एक सर ‘रिक्विझिट’ म्हणतात आणि दुसरे ‘रेक्विझिट’. बरोबर कोणते? (अमळनेर येथील एक विद्यार्थिनी)

उत्तर : दुसऱ्या सरांचा उच्चार बरोबर आहे. ‘रिक्वायर’मध्ये जोर दुसऱ्या अक्षरावर असल्यामुळे पहिले अक्षर आखडून ‘रि’ होते. ‘रेक्विझिट’मध्ये जोर पहिल्याच अक्षरावर असल्यामुळे तेथे स्पष्ट ‘रे’ येतो. ‘प्रीरेक्विझिट’ म्हणताना ‘प्री’ पुढे असला तरी जोर ‘रेक्’वरच राहतो, आणि ‘रेक्विझिशन’मध्ये तो ‘झि’वर जातो. पहिल्या सरांनी ‘रिक्वायर’वरून अंदाज बांधला असावा, तो तर्काला धरून आहे, पण इंग्रजी उच्चार तर्काला फारसे जुमानत नाहीत. मराठीत लिहिताना ‘रिक्विझिट’ हे रूप इतके पसरले आहे, की ते दिसले म्हणून लाल रेघ मारण्याचे आम्हांला कारण दिसत नाही. वर रावेरच्या वाचकांच्या पत्रातही ते जसेच्या तसे ठेवले आहे.

प्रश्न : मार्च महिन्यात आमची विहीर पिण्याच्या पाण्यासाठी ‘अधिग्रहित’ केल्याचा आदेश आला. माझा मुलगा सुरतेला असतो. त्याने हिंदी बातम्यांत ‘भूमि अधिग्रहण’ ऐकलेले असल्यामुळे तो घाबरून म्हणाला, की विहीर गेली. तलाठी म्हणाले, की तसे काही नाही, ही ‘रिक्विझिशन’ आहे. हे दोन शब्द वेगळे आहेत का? (पारोळा तालुक्यातील एक शेतकरी)

उत्तर : वेगळे आहेत, आणि आपल्या मुलाची चूक अगदी स्वाभाविक आहे, ती मराठी वृत्तपत्रांतही अधूनमधून होते.

इंग्रजीत ‘ॲक्विझिशन’ आणि ‘रेक्विझिशन’ हे एकाच ‘क्वेरेरे’चे दोन नातू आहेत. पहिल्यात ‘शोधून आपलेसे करणे’ असा अर्थ आहे, तर दुसऱ्यात ‘अधिकाराने मागणे’ असा. कायद्यात या फरकाला फार किंमत आहे. ॲक्विझिशनमध्ये मालकीच बदलते. रेक्विझिशनमध्ये मालकी मूळ मालकाकडेच राहते. सरकार वस्तूचा ताबा किंवा वापर काही काळापुरता, सार्वजनिक कामासाठी, मोबदला देऊन घेते आणि काम झाले की सोडते. १९५२ साली केंद्राने केलेल्या स्थावर मालमत्तेविषयीच्या एका कायद्याच्या नावातच ‘रेक्विझिशनिंग अँड ॲक्विझिशन’ असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवलेले होते. दोन्हींचा अर्थ एकच असता, तर कायदा करणाऱ्यांनी ही दुहेरी शाई वाया घालवली नसती.

मराठी शासनव्यवहारात या दोहोंसाठी दोन शब्द ठरलेले आहेत : ॲक्विझिशनला ‘संपादन’ आणि रेक्विझिशनला ‘अधिग्रहण’. महामार्गाच्या रुंदीकरणासाठी जमीन जाते तेव्हा ते भूसंपादन असते. पूर्वी ते १८९४ च्या कायद्याखाली होत असे, आणि २०१३ साली केलेला नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. सरदार सरोवराच्या बुडितात गेलेल्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील गावकऱ्यांना संपादन म्हणजे काय, हे कोणी कोशातून समजावून सांगण्याची गरज नाही. याउलट निवडणुकीत मतदानयंत्रे आणि कर्मचारी पोचवण्यासाठी खासगी जीपगाड्या आणि ट्रक घेतले जातात, मतदानकेंद्रासाठी इमारती घेतल्या जातात, ते अधिग्रहण असते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ याच्या कलम १६० मध्ये त्याची तरतूद आहे आणि त्यापुढच्याच कलमात मोबदल्याची. मतदान आटोपले की गाडी मालकाच्या अंगणात परत येते. थोडी धूळ जास्त असते, एवढेच.

घोटाळा होतो तो हिंदीमुळे. हिंदीत ‘अधिग्रहण’ हा शब्द नेमका ॲक्विझिशनसाठी वापरतात, म्हणजे आपण ज्याला भूसंपादन म्हणतो त्याला ते भूमि अधिग्रहण म्हणतात. अक्षरे तीच, लिपी तीच, आणि अर्थ मात्र शेजाऱ्याचा. हिंदी वृत्तवाहिन्या पाहून मराठी बातमी लिहिणारे ‘जमिनीचे अधिग्रहण’ असे लिहून जातात, आणि मग टंचाईच्या दिवसांत ‘विहीर अधिग्रहित’ हे वाचून सुरतेतला मुलगा घाबरतो. एका कंपनीने दुसरी विकत घेतली, की तिलाही हल्ली ‘अधिग्रहण’ म्हणतात. तेथे ‘संपादन’ किंवा सरळ ‘विकत घेतली’ असे लिहिणे जास्त चांगले.

आपल्या विहिरीविषयी सांगायचे, तर आपल्या तलाठ्यांनी दिलेली माहिती योग्य आहे. आदेशात अधिग्रहणाची मुदत आणि मोबदला यांचा उल्लेख आहे ना, तेवढे पाहून घ्यावे आणि आदेशाची प्रत घरी जपून ठेवावी. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे तशीच राहते.

जाता जाता रेक्विझिशनचे आणखी दोन वापर सांगतो, कारण ते आपल्या भागात कानावर पडतात. कार्यालयात किंवा कारखान्यात भांडारातून माल काढण्यासाठी जो छापील कागद भरतात, त्याला ‘रेक्विझिशन स्लिप’ म्हणतात; मराठीत ‘मागणीपत्र’. जुन्या सरकारी वळणात त्यालाच ‘इंडेंट’ म्हणत आणि अजूनही कित्येक ठिकाणी म्हणतात. दुसरा वापर सहकारातला आहे. सभासदांनी लेखी मागणी करून विशेष सर्वसाधारण सभा बोलवायला लावली, की तिला ‘रेक्विझिशनची सभा’ म्हणतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या कलम ७६ मध्ये एकपंचमांश सभासदांच्या मागणीची तरतूद आहे. गावच्या विकास सोसायटीच्या राजकारणात हा शब्द इंग्रजी न शिकलेल्या सभासदालाही तोंडपाठ असतो, यात नवल नाही.

प्रश्न : अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत एका विषयापुढे ‘एलिजिबिलिटी’, ‘रिक्वायरमेंट’ आणि ‘प्रीरिक्विझिट’ असे तीन रकाने आहेत. तिन्हींचे भाषांतर ‘आवश्यक पात्रता’ असेच केलेले आहे. मग तीन रकाने कशाला? (शहादा येथील एक विद्यार्थी)

उत्तर : रकाने तीन आहेत ते योग्यच आहे, भाषांतर करणाऱ्याने कष्ट वाचवले आहेत.

‘एलिजिबिलिटी’ म्हणजे पात्रता. ती माणसाकडे पाहते : हा विद्यार्थी विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण आहे का? ‘रिक्वायरमेंट’ अभ्यासक्रमाकडे पाहते : तो पूर्ण करण्यासाठी काय काय करावे लागेल, हजेरी किती, प्रात्यक्षिके किती, प्रकल्प आहे का? या गोष्टी कधी कराव्यात याविषयी तो शब्द काही बोलत नाही. काही सुरुवातीला होतील, काही शेवटच्या आठवड्यात. ‘प्रीरेक्विझिट’ मात्र क्रमाकडे पाहतो. ‘प्री’ म्हणजे आधी. जी गोष्ट पुरी झाल्याशिवाय पुढच्या गोष्टीला हातच घालता येत नाही, ती. अवकल समीकरणांचा विषय घ्यायचा असेल, तर कलनाचा पहिला अभ्यासक्रम आधी झालेला पाहिजे. मराठीत याला ‘पूर्वअट’ हा नेटका शब्द रुळलेला आहे.

हा क्रमाचा मुद्दा घरच्या उदाहरणाने सांगतो. भरीत करायचे, तर हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, तेल आणि मीठ हे सगळे रेक्विझिट आहे. यांतले काय आधी घ्यायचे आणि काय नंतर, यावर घराघरांत मतभेद आहेत आणि आम्ही त्यात पडत नाही. परंतु वांगी कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजून घेणे ही पूर्वअट आहे. ते झाल्याशिवाय ठेचायला काही नाहीच. तेव्हा प्रत्येक प्रीरेक्विझिट ही रिक्वायरमेंट असते, पण प्रत्येक रिक्वायरमेंट प्रीरेक्विझिट नसते. म्हणूनच ‘हेल्मेट हे गाडी चालवताना प्रीरेक्विझिट आहे’ हे वाक्य खटकते. हेल्मेट गाडी चालवत असताना डोक्यावर पाहिजे, तेव्हा ते आवश्यक आहे, बंधनकारक आहे. पूर्वअट म्हणावी तर वाहन चालवण्याच्या परवान्याला म्हणावे. ‘फर्स्ट प्रीरेक्विझिट’ हेही टाळावे, कारण ‘आधीची पहिली पूर्वअट’ म्हणताना आपणच अडखळतो.

आपण तर्कशास्त्र किंवा गणित शिकत असाल तर आणखी एक काळजी घ्यावी. तेथे ‘आवश्यक अट’ आणि ‘पुरेशी अट’ असा भेद करतात. भरताला वांगे ही आवश्यक अट आहे, पुरेशी नाही. नुसत्या वांग्याने भरीत होत नाही. पूर्वअट पुरी केली म्हणजे प्रवेश मिळालाच, असे विद्यार्थी धरून चालतात, त्या वेळी ते आवश्यक अटीला पुरेशी अट समजत असतात. नोकरीच्या जाहिरातींत ‘इसेन्शियल’ आणि ‘डिझायरेबल’ अशा दोन वेगळ्या अर्हता छापलेल्या असतात, त्याही अशाच नीट वाचाव्यात. पहिलीवाचून अर्ज बाद होतो. दुसरी असल्यास बरे, नसल्यास अडत नाही.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या हिशेबनीसांनी एका कर्मचाऱ्याच्या पगारपत्रकात राहत्या घराची सवलत ‘प्रीरिक्विझिट’ या नावाखाली दाखवली. लेखापरीक्षकांनी त्यावर प्रश्नचिन्ह काढले. हिशेबनीस म्हणतात, की एका अक्षराने काय बिघडते? (भुसावळ येथील एक वाचक)

उत्तर : येथे बरेच बिघडले. त्यांना ‘पर्क्विझिट’ लिहायचे होते. तोही त्याच घराण्यातला शब्द आहे, पण त्याचा आवश्यकतेशी संबंध उरलेला नाही. पगाराखेरीज नोकरीमुळे मिळणारा लाभ, जसे बिनभाड्याचे किंवा सवलतीच्या भाड्याचे घर, मालकाने दिलेली गाडी, असा त्याचा अर्थ आहे. १९६१ च्या आयकर कायद्याने कलम १७ च्या पोटकलम (२) मध्ये त्याची सविस्तर व्याख्या केली होती. हल्ली तरुण मंडळी ‘जॉबचे पर्क्स’ म्हणतात, ते याच शब्दाचे कापलेले रूप. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात क्वार्टर हा शब्द लहान मुलालाही कळतो, तेव्हा हिशेबनीसांना एवढेच सांगावे, की नोकरी मिळण्याआधी जे पाहिजे ते प्रीरेक्विझिट, आणि नोकरी मिळाल्यावर जे मिळते ते पर्क्विझिट.

प्रश्न : शाळेच्या वार्षिक मागणीच्या यादीला मी ‘रिक्विझिट्स’ असे शीर्षक दिले, तर सहकारी म्हणाले, की हे विशेषण आहे, त्याचे अनेकवचन होत नाही. ‘नेसेसिटीज’ लिहा. कोणते योग्य? (जळगाव येथील एक शिक्षिका)

उत्तर : आपले शीर्षक योग्य आहे. ‘रेक्विझिट’ हे नामही आहे आणि अनेकवचनात ते एखाद्या कामाला लागणाऱ्या वस्तूंच्या संचाला म्हणतात. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत ‘टॉयलेट रेक्विझिट्स’ म्हणजे साबण, टूथपेस्ट, कंगवा, दाढीचे सामान. ‘ट्रॅव्हल रेक्विझिट्स’ म्हणजे प्रवासाचे सामान. आज तो थोडा जुनाट वाटतो, ‘सप्लाइज’ हा शब्द त्याच्या जागी येऊ लागला आहे, पण चूक नाही.

‘नेसेसिटीज’ने मात्र अर्थ बदलेल. त्या म्हणजे जगण्याला लागणाऱ्या गोष्टी : अन्न, वस्त्र, निवारा. खडू, डस्टर आणि हजेरीपट यांना नेसेसिटीज म्हटले, तर वाचणाऱ्याला शाळेची फारच हलाखी झाली आहे असे वाटेल. जीवनावश्यक वस्तूंसाठी कायद्याने ‘इसेन्शियल’ हा शब्द घेतला, तो १९५५ च्या कायद्यात; आणि भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ६८ मध्ये ‘नेसेसरीज’ असा एक निराळाच शब्द आहे. कायद्याने सज्ञान न झालेल्या मुलासारख्या, करार करण्यास असमर्थ असलेल्या व्यक्तीला तिच्या राहणीमानाप्रमाणे लागणाऱ्या गोष्टी कोणी पुरवल्या, तर त्यांची भरपाई तिच्या मालमत्तेतून घेता येते, असे ते कलम सांगते. तेव्हा इंग्रजीत ही चारही भावंडे वेगवेगळ्या घरांत राहतात.

मराठीत आपल्याकडे या नामासाठी इतका सुंदर शब्द आहे, की आपण तो इंग्रजी यादीवर का लिहिला नाही, असेच विचारावेसे वाटते. तो म्हणजे ‘साहित्य’. पूजेचे साहित्य, लेखनसाहित्य, पाककृतीच्या वर लिहिलेले ‘साहित्य’, हे सगळे रेक्विझिट्सच आहेत. श्रावणात कानबाईच्या रोटांची तयारी करताना घरातली मोठी बाई ‘काय काय लागते’ याची यादी तोंडाने सांगते आणि मुलगी लिहून घेते, तेव्हा त्या यादीत एकही वस्तू उगाच नसते आणि एकही राहत नाही. मराठी ‘लागणे’ हे क्रियापद ‘रिक्वायर’चे काम इतक्या सहजतेने करते, की भाषांतर करताना त्याची आठवणच होत नाही. ‘या कामासाठी दोन मजुरांची आवश्यकता आहे’ असे लिहिण्यापेक्षा ‘या कामाला दोन मजूर लागतील’ हे अधिक मराठी आहे.

प्रश्न : मी एका खासगी कार्यालयात पत्रव्यवहार पाहतो. मी पुढील वाक्य लिहिले : ‘काइंडली सबमिट द रिक्विझिट रिक्वायर्ड डॉक्युमेंट्स अँड डू द नीडफुल.’ साहेबांनी हसून ते परत केले. चूक कुठे आहे ते त्यांनी सांगितले नाही. (धुळे येथील एक वाचक)

उत्तर : साहेबांनी हसण्यापेक्षा सांगितले असते, तर बरे झाले असते.

‘रेक्विझिट’ आणि ‘रिक्वायर्ड’ हे एकाच मुळाचे दोन शब्द शेजारी आले आहेत; ‘पाहिजे असलेली लागणारी कागदपत्रे’ असे ते झाले. दोहोंपैकी एक पुरे. ‘डू द नीडफुल’ ही जुन्या इंग्रजीतली शब्दयोजना आहे. इंग्लंडात ती मागे पडली आणि आपल्या कचेऱ्यांत टिकली. तिला चूक म्हणता येत नाही, पण ती ‘योग्य ती कार्यवाही करावी’ या आपल्या शेऱ्यासारखीच आहे : योग्य काय, हे समोरच्याने ओळखायचे. आपल्या एका वाक्यात वाचणाऱ्याला दोनदा ओळखायला लावले आहे, एकदा कागद कोणते आणि एकदा कृती कोणती.

शब्दयोगी अव्ययांविषयी एवढे लक्षात ठेवावे, की नाम म्हणून वापरताना ‘अ रेक्विझिट फॉर’ असे लिहितात, ‘ऑफ’ही चालते, विशेषण म्हणून वापरताना तो बहुधा नामाच्या आधी येतो, आणि त्याच्याआधी ‘द’ असतो, कारण तो ठरलेल्याच गोष्टीविषयी बोलतो. आमचा सल्ला विचाराल, तर आपल्या पत्रांत हा शब्द शक्यतो वापरूच नका. दुसऱ्याच्या पत्रात आला तर तो कळला म्हणजे झाले. आपले वाक्य आम्ही असे लिहिले असते : ‘प्लीज सेंड अस द फॉलोइंग थ्री डॉक्युमेंट्स बाय द फिफ्टीन्थ’, आणि त्याखाली तीन ओळींत तीन कागदांची नावे. ही तीन नावे लिहिण्यासाठी आपल्याला आधी फाइल उघडून पाहावी लागेल. साहेबांनाही त्यांची खात्री नसेल, तर ते या वेळी हसणार नाहीत.